खिडकीबाहेरची आग: यान पृथ्वीवर परततं तेव्हा जवळून काय दिसतं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला विदर्भात, खानदेशात आणि पलीकडे मध्य प्रदेशातही लोक अंगणात, गच्चीवर माना वर करून उभे राहिले. प्रकाशाची एक माळ आकाशातून सरकत चालली होती. पुढे एक मोठा ठिपका, मागे लहान लहान तुकडे आणि प्रत्येकाची स्वतःची शेपटी. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं. थोड्याच वेळात मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातून बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ आकाशातून धातूची एक भलीमोठी कडी पडली होती, जवळपास तीन मीटर व्यासाची. पुढच्या दिवसांत आसपासच्या भागात गोळेही सापडले. हे अवशेष चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा जाणकारांचा अंदाज होता.

ती उल्का नव्हती हे कडी सापडण्याआधीच कळण्यासारखं होतं. उल्का बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विझते. ही माळ सावकाश आणि जवळपास आडवी चालली होती, चालता चालता तुटत होती. कक्षेत फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा अशीच दिसते.

ते व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट मनात येई: अशाच एका ठिपक्यात बसून माणसं घरी येतात. ११ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा असेच आले. १५ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला असेच कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले. खालून आपल्याला जी रेघ दिसते, ती आतून कशी दिसत असेल?

आधी हिशेब पाहू, कारण सगळं त्यावर उभं आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणारं यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर जातं. म्हणजे मुंबईहून नागपूर, सरळ रेषेत, दीड मिनिटात. हा वेग म्हणजे साठवलेली ऊर्जा. यानाच्या एकेका किलोत सुमारे ३० मेगाज्यूल असते, साधारण साडेसहाशे ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असते तेवढी. रशियाच्या सोयुझ यानाचा माणसांना घेऊन परतणारा भाग सुमारे २,९०० किलोंचा आहे. आपल्या घरातले १४.२ किलोचे सिलिंडर घेतले, तर जवळपास १३५ भरलेल्या सिलिंडरांएवढी ऊर्जा त्या तीन माणसांच्या खोलीत वेगाच्या रूपात भरलेली असते. जमिनीवर उभं राहायचं तर ती सगळी कुठेतरी सोडावी लागते. त्यासाठी हाताशी असतात फक्त काही मिनिटं.

इंजिन उलटं चालवून हा सगळा वेग घालवता आला असता, पण त्यासाठी चढताना लागलं त्या तोलाचं रॉकेट वर न्यावं लागेल. म्हणून इंजिनाकडून फक्त किंचित काम घेतात. सोयुझचं इंजिन सुमारे पावणेपाच मिनिटं चालतं आणि वेग सेकंदाला फक्त १२८ मीटरने कमी करतं. ७,८०० मधले १२८! तेवढ्याने कक्षेचं एक टोक वातावरणात बुडतं. बाकीचा सगळा ब्रेक हवेचा.

आता शाळेत शिकलेली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. 'हवेशी घर्षण होऊन यान तापतं' असं आपण सगळे म्हणतो. घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण ते नाही. सायकलमध्ये जोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तोच प्रकार इथे अतिभयंकर प्रमाणात होतो. एवढ्या वेगाने अंगावर येणाऱ्या यानासमोरून बाजूला व्हायला हवेला वेळच मिळत नाही. ती समोरच्या समोर दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. यानाच्या पुढे आघात तरंगाची एक भिंत तयार होते. त्या भिंतीतून आत येताच हवेचं तापमान काही हजार अंशांवर जातं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या आसपास. रेणू फुटतात, अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात, वायूचा प्लाझ्मा होतो आणि तो झळाळू लागतो. पाडव्याला आपण जे पाहिलं त्या उजेडातला मोठा भाग हा या तापलेल्या वायूंचा होता.

मग शहाणपणाची गोष्ट अशी की तापायचं ते हवेने तापावं, यानाने नाही. हे सुचायला वेळ लागला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या मनात सुईसारखी टोकदार यानं होती, कारण वेगवान वस्तू टोकदारच असायची. अमेरिकेतल्या एम्स संशोधन केंद्रातल्या हार्वे ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी उलटं सांगितलं: टोक बोथट करा. पावसाळ्यात वाहत्या ओढ्यात हात घालून पाहा. बोटं जुळवून टोकदार हात धरला तर पाणी कातडीला चाटून जातं. तळहात उभा धरला तर हातापुढे पाण्याची कड चढते आणि प्रवाह तिला वळसा घालून जातो. बोथट यानापुढची आघाताची भिंत अशीच यानापासून सुटी राहते. तापलेल्या हवेतली बहुतेक उष्णता बाजूने वाहून मागे निघून जाते आणि यानाच्या वाट्याला तिचा थोडाच भाग येतो. म्हणून परतणारी कॅप्सूल कढईच्या बुडासारखी दिसते, आणि ती बुडाच्याच बाजूने येते.

बोथटपणाचा दुसरा फायदा म्हणजे ब्रेक वरच लागतो. ७० किलोमीटर उंचीवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाइतकीच दाट असते. वेगाचा मोठा भाग अशा विरळ हवेत खर्च झाला तर खालच्या दाट हवेत शिरताना यान बरंच मंदावलेलं असतं. लाडबोरीची कडी पूर्ण जळून का गेली नाही, याचं उत्तर मला इथेच दिसतं. रॉकेटचा रिकामा टप्पा वर तुटला की त्याचे तुकडे सुटे होतात. आकाराने मोठा पण वजनाने हलका तुकडा वरच्या वरच वेग गमावतो, सर्वात वाईट तापमान लवकर मागे टाकतो आणि शेवटचा प्रवास साध्या पडत्या वस्तूसारखा करतो. दाबाखालचा वायू साठवणाऱ्या गोल टाक्यांचंही असंच होतं. त्या मुळातच मजबूत असतात, त्यामुळे जगभर शेतांत सापडणाऱ्या अंतराळी वस्तूंमध्ये गोळे पुष्कळ असतात.

आता आत जाऊन बसू. सोयुझच घेऊ, कारण गेली पन्नासहून जास्त वर्षं ती हे काम करते आहे.

आसन प्रत्येकाच्या अंगाच्या साच्यावर बनवलेलं असतं. पाठीवर झोपायचं, गुडघे पोटाशी. खांद्याशी खिडकी. सुमारे १४० किलोमीटरवर यानाचे तीन भाग स्फोटक खिळ्यांनी सुटे होतात. बाहेर घण मारल्यासारखा आवाज होतो. पुढचा आणि मागचा भाग जळून जाणार असतात, मधला आपला. त्यानंतर काही मिनिटं काहीच घडत नाही. मग हवेत तरंगणारी एखादी पेन्सिल किंवा धुळीचा कण हळूच खाली बसू लागतो. वातावरण लागल्याची ती पहिली खूण.

शंभर किलोमीटरच्या खाली खिडकीत रंग येतो. आधी अगदी फिकट, गुलाबीसर. रात्रीची बाजू असेल तर तो आणखी उठून दिसतो. मग नारिंगी, मधूनच जांभळट, आणि झगमग इतकी की आतल्या भिंतींवर उजेड हलताना दिसावा. खिडकीजवळून ठिणग्या धावतात. यानाभोवती गुंडाळलेलं बाहेरचं आवरण आधी जळतं, त्याच्या चिंध्या सुटून मागे जातात.

हे रंग कुठून येतात ते समजायला स्वयंपाकघर पुरे. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापला रंग दाखवतं. यानाभोवतीचा तापलेला नायट्रोजन गुलाबी-जांभळा उजेड देतो. यानाच्या बुडावरच्या उष्णतारोधक कवचातून सुटलेला कार्बन नायट्रोजनशी जोडी जमवतो आणि जांभळ्यात भर घालतो. कवचात सोडियमचा अंश असेल तर पिवळा-नारिंगी मिसळतो. आणि कवचाचे जळके कण निखाऱ्यासारखे तांबडे दिसतात. यानाचं साहित्य बदललं की खिडकीतला रंगही बदलतो.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला काय वाटलं असेल? १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन परतत होते. यानाचा मागचा भाग तारांच्या जुडग्यामुळे वेळेवर सुटला नाही, यान गरगरत होतं. खिडकीबाहेर किरमिजी उजेड दिसला, तडतड ऐकू आली. त्यांच्याआधी हे कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे नेहमीचं काय आणि संकट काय हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी, २० फेब्रुवारी १९६२ ला, अमेरिकेचे अंतराळवीर जॉन ग्लेन उतरत असताना त्यांचं उष्णतारोधक कवच सैल झालं असावं असा संकेत जमिनीवर आला होता. म्हणून कवचावर बांधलेला ब्रेक-रॉकेटांचा गठ्ठा मुद्दाम तसाच ठेवला. तो गठ्ठा जळून त्याचे पेटते तुकडे ग्लेन यांच्या खिडकीवरून जाऊ लागले. तो गठ्ठा जळतोय की कवचच, हे आतून ओळखता येत नव्हतं. ते बोलत राहिले, यान सांभाळत राहिले. संकेतच चुकीचा होता, कवच जागच्या जागी होतं.

खिडकीत आगीचा खेळ चालू असताना छातीवर वजन चढत असतं. सोयुझमध्ये ते नेहमीच्या वजनाच्या चारपट, कधी थोडं अधिक होतं. सहा महिने वजनच नसलेल्या शरीराला चारपटही फार. सगळं नीट चाललं तर यान चक्क थोडं उडतं. त्याचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे ते किंचित तिरकं राहतं आणि हवा त्याला वर उचलते. कुशीवर वळत वळत ते कुठे उतरायचं ते ठरवतं. ही सोय बिघडली की ते फेकलेल्या दगडासारखं येतं. एप्रिल २००८ मध्ये असं झालं. पेगी व्हिटसन, युरी मालेन्चेन्को आणि यी सो-यॉन या सोयुझमधल्या तिघांनी आठपटीहून जास्त वजन सोसलं आणि ठरल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरले.

यानात बसलेल्यांच्या पाठीमागे, जेमतेम वीतभर अंतरावर, सूर्यासारखी तापलेली हवा असते. मधे असतं कवच. ते जळू नये म्हणून बनवलेलं नसून नीट जळावं म्हणून बनवलेलं असतं, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वात आवडणारी गोष्ट ही आहे. माठाचं पाणी गार का होतं? पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. कवचाचं तसंच आहे. वरचा थर जळून कोळसा होतो, खालच्या थरातून वायू निघतात, ते कोळशातून पाझरत बाहेर पडताना उष्णता घेऊन जातात आणि वर तापलेल्या हवेला थोडं दूर ढकलतात. पण हे पाझरणं नीट व्हायला लागतं. नासाच्या आर्टेमिस-१ या माणसांविना झालेल्या मोहिमेत चंद्राकडून परतलेलं ओरायन यान ११ डिसेंबर २०२२ ला सुखरूप उतरलं. नंतर पाहिलं तर कवचाचे तुकडे शंभरहून जास्त ठिकाणी उडालेले. चौकशीत निघालं की आत तयार झालेले वायू पुरेसे बाहेर पडू शकले नाहीत, दाब वाढला आणि कोळशाचे ढलपे निघाले. माठ पाझरायचा थांबला की काय होतं, ते त्यातून कळलं.

आपल्या इस्रोनेही हे काम केलं आहे. १० जानेवारी २००७ ला सोडलेली साडेपाचशे किलोंची एसआरई-१ ही कॅप्सूल बारा दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरली. गगनयानाच्या आधी भारताने कक्षेतून वस्तू परत आणून दाखवली ती ही.

जळणारं यान अगदी जवळून पाहायचं असेल तर ६ जून २०२४ चं, स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय यानाचं माणसांविना झालेलं चाचणी-उड्डाण पाहावं. स्टारशिपच्या अंगावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र थेट जगभर दिसत होतं. गुलाबी-जांभळा प्लाझ्मा पंखासारख्या फडकीला वेढतो. मग तिच्या बिजागरीपाशी एक ठिणगी दिसते. ती वाढते. धातू लाल होतो, कडा खाल्ल्या जातात, तुकडे उडतात. कॅमेऱ्याच्या काचेला तडा जातो, काजळी चढते. तरीही ती अर्धवट उरलेली फडकी वळते, यानाला सावरते, आणि यान हिंदी महासागरावर उभं होऊन पाण्यात उतरतं. मी श्वास रोखून पाहत होतो. एका बिजागरीच्या फटीतून शिरलेली हवा काय करू शकते, हे इतकं उघड याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

ते चित्र थेट आलंच कसं, हाही प्रश्न विचारायला हवा, कारण अशा वेळी संपर्क तुटतो हे आपण ऐकलेलं असतं. प्लाझ्मातले सुटे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी परतवून लावतात, म्हणून यानाला काही मिनिटं कुणाशी बोलता येत नाही. १९७० मध्ये चंद्राकडून बिघाडानंतर परतणाऱ्या अपोलो-१३ चा संपर्क अपेक्षेपेक्षा दीड मिनिट उशिरा जुळला, आणि ते दीड मिनिट जमिनीवरच्या लोकांनी कसं काढलं असेल! पण प्लाझ्मा सगळीकडे सारखा दाट नसतो. यानाच्या पोटाशी तो घट्ट, पाठीकडे पातळ. मोठं यान असेल तर पाठीमागे जणू एक उघडी खिडकी राहते. स्टारशिप त्यातून खाली न बोलता वर, त्याच कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट-उपग्रहांशी बोलत होतं.

बिजागरीतली फट म्हटलं की अमेरिकेचं कोलंबिया हे स्पेस शटल आठवतं. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. कक्षेतल्या सोळा दिवसांत त्या भोकाने काहीच त्रास दिला नाही, कारण तिथे हवाच नाही. १ फेब्रुवारीला परतताना तापलेली हवा तिथून ॲल्युमिनियमच्या पंखात शिरली. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. टेक्सासवर यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. अवशेषांत एक व्हिडिओ फीत सापडली. तिच्यात वैमानिक कक्षातले चौघं परतीच्या सुरुवातीला खिडकीबाहेरचा वाढता उजेड पाहत आहेत, एकमेकांना दाखवत आहेत. संकटाची पहिली चिन्हं दिसण्याआधीच ती फीत संपते. त्यांना दिसत होता तो उजेड अगदी नेहमीचा होता. खिडकीतून पंखाच्या आतलं काही कळत नाही.

उलटंही घडलं आहे. १८ जानेवारी १९६९ ला सोव्हिएत अंतराळवीर बोरिस वोलिनोव्ह यांच्या सोयुझ-५ चा मागचा भाग सुटलाच नाही, आणि यान चुकीच्या तोंडाने, पातळ कवचाच्या हॅचच्या, म्हणजे दाराच्या बाजूने वातावरणात शिरलं. वजन त्यांना आसनात दाबण्याऐवजी पट्ट्यांवर लटकवत होतं. हॅचभोवतीचं रबर जळू लागलं, आत धूर आला. मग उष्णतेने दोन भागांमधले सांधेच तोडले, आणि बोथट, जड बाजू आपोआप पुढे वळली. उतरताना धक्क्याने त्यांचे दात तुटले, पण ते वाचले. १९७६ मध्ये ते पुन्हा अंतराळात गेले.

साधारण पावणेअकरा किलोमीटरवर सोयुझची पॅराशूटं सुटू लागतात. तोवर खिडकी काजळीने काळी झालेली असते, आत दिवसासुद्धा अंधार. छोटं पॅराशूट यानाला वीसेक सेकंद जोरजोरात झुलवतं, मग मोठं उघडतं. एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे कापड. त्याखाली लटकत असताना जळालेलं कवच खाली सोडून दिलं जातं आणि खिडक्यांच्या काळ्या पडलेल्या बाहेरच्या काचाही निखळून पडतात. आत एकदम स्वच्छ उजेड येतो. बाहेर कझाकस्तानचं माळरान असतं. जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर छोटी इंजिनं एकदा भडकतात, यान आपटतं, कधी कधी आडवं होतं. कुणीतरी बाहेरून हॅच उघडतं, आणि परतलेल्या अंतराळवीरांनी सांगितलं आहे की सगळ्यात आधी वास येतो: जळक्या यानाचा, मातीचा आणि गवताचा.